छोट्या घरातला हँडहेल्ड गेमिंग पीसी: मांडायचा कसा, आवरायचा कसा

वन आरके किंवा लहान वन बीएचकेत हँडहेल्ड गेमिंग पीसीला, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या कॉम्प्युटरला, मोठा स्क्रीन जोडायचा ठरलं, की बहुतेक जणांची खरेदी उलट्या क्रमाने होते. आधी मॉनिटर येतो, मग सवलतीत दिसलेला डॉक (एका यूएसबी-सी पोर्टला स्क्रीन, चार्जर आणि बाकी सामान जोडून देणारी पेटी), मग दोन-तीन केबल, आणि सगळं घरात आल्यावर प्रश्न पडतो की हे ठेवायचं कुठे. सामान डायनिंग टेबलावर पडून राहतं. जेवणाच्या वेळी कुणीतरी ते घाईने उचलून पलंगावर ठेवतं, केबल ओढली जाते, पोर्ट सैल होतो. महिन्याभरात मॉनिटर कपाटावर जातो आणि खेळणं पुन्हा हातातल्या सात इंचांवर येतं.

ज्या हॉलमध्ये सकाळी कुणाचं ऑफिसचं काम चालतं, दुपारी मुलांचा अभ्यास होतो आणि रात्री गाद्या पडतात, तिथे आवरायला सोपी असलेली मांडणीच टिकते. दोन मिनिटांत सगळं आत गेलं पाहिजे आणि दोन मिनिटांत बाहेर आलं पाहिजे. म्हणून खालचा क्रम आवरण्याच्या जागेपासून सुरू होतो. स्टीम डेक, आरओजी अ‍ॅलाय, लीजन गो, एमएसआय क्लॉ यांपैकी काहीही असलं तरी क्रम हाच. फरक पडतो तिथे वेगळं सांगितलं आहे.

टप्पा १: काही विकत घेण्याआधी दोन जागा मोजा

एक जागा वापरायची, दुसरी आवरून ठेवायची. लोक पहिलीच मोजतात.

आवरायच्या जागेसाठी हे आकडे धरा. स्टीम डेक २९८ बाय ११७ मिलिमीटर आणि जाडी ४९ मिलिमीटर. आरओजी अ‍ॅलाय साधारण २८० बाय १११. लीजन गो कंट्रोलरसकट साधारण २९९ बाय १३१. १५.६ इंची पोर्टेबल मॉनिटर कव्हरसकट साधारण ३६ बाय २३ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे ए-३ कागद (४२ बाय २९.७ सेंटिमीटर) सपाट मावेल असा, आतून दहा-बारा सेंटिमीटर खोल, झाकणाचा कडक प्लास्टिकचा डबा घेतला तर मॉनिटर, डॉक, चार्जर आणि केबल एकत्र राहतात. स्टेशनरीच्या आणि घरगुती सामानाच्या दुकानांत असे डबे सहज मिळतात. हँडहेल्ड मात्र या डब्यात कोंबायचा नाही. तो आपल्या केसमध्ये, डब्याच्या शेजारी.

डबा ठेवायची जागा कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर हवी. माळ्यावर ठेवलेला डबा खाली येत नाही, आणि वरच्या मजल्याच्या घरात स्लॅबखालचा माळा मे महिन्यात चांगलाच तापतो. दिवाणाच्या खणात चालेल, पण वर पांघरुणांचा भार नको, मॉनिटरचं पॅनल दाबाने फुटतं. बाथरूमला लागून असलेली ओलीची भिंत, फ्रिजचं डोकं, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारची फळी आणि गॅसच्या ओट्यावरचं कपाट या चार जागा सरळ वगळा.

वापरायच्या जागेसाठी टेबलाची खोली निदान ४५ सेंटिमीटर हवी. मॉनिटर मागच्या कडेला, डोळे साधारण ६० सेंटिमीटरवर. याहून कमी खोलीच्या टेबलावर कीबोर्ड ठेवला की मॉनिटर नाकाशी येतो.

तपासा: रिकामा डबा ठरवलेल्या जागी दोन दिवस ठेवून बघा. घरातल्या कुणाला तो हलवावा लागला, तर जागा चुकली आहे. मॉनिटर मागवायच्या आधी हे कळलेलं बरं.

टप्पा २: स्क्रीन आणि त्याची जागा ठरवा – टीव्ही, पोर्टेबल मॉनिटर, भिंतीवरचं टेबल

माझं स्पष्ट मत आहे की एका खोलीच्या घरात पोर्टेबल मॉनिटर हीच पहिली निवड असावी. टीव्ही फुकटात मिळतो, पण संध्याकाळी सात ते दहा तो घराचा असतो. रोज त्यावरून वाद करण्यापेक्षा स्वतःचा पंधरा इंची स्क्रीन बरा. रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून कोपऱ्यात बसता येतं, हा त्याचा खरा फायदा.

मॉनिटर १०८०पीचाच (१९२० बाय १०८० पिक्सेल) घ्या. स्टीम डेकचा स्वतःचा स्क्रीन १२८० बाय ८००, म्हणजे साधारण दहा लाख पिक्सेल. १०८०पी म्हणजे साधारण वीस लाख, दुप्पट. ४के म्हणजे ८० लाखांच्या वर. स्टीम डेकची चिप ४ ते १५ वॅटमध्ये चालते, अ‍ॅलाय आणि लीजन गोमधली झेड-१ एक्स्ट्रीम ९ ते ३० वॅटमध्ये. पंधरा इंचांवर ४केसाठी पैसे मोजून ती चिप तेवढे पिक्सेल रंगवू शकणार नाही.

भिंतीवरचं फोल्डिंग टेबल हा उत्तम उपाय आहे, पण भिंत कशाची आहे ते आधी पाहा. जुन्या इमारतींत वीट असते, आरसीसीच्या खांबात ड्रिल कष्टाने जातं, आणि ठाणे, नवी मुंबई, पुण्यातल्या कितीतरी नव्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्या ब्लॉकमध्ये नेहमीची छोटी प्लास्टिकची गिट्टी काही आठवड्यांत सैल होते, कारण टेबलावर कोपर टेकला की प्रत्येक वेळी स्क्रूवर ओढ येते. त्यासाठी एएसीचे वेगळे, लांब अँकर मिळतात, सुताराला तेच आणायला सांगा. प्लायच्या पार्टिशनवर टेबल लावू नका. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला आधी विचारा, आणि सोसायटीत दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत ड्रिल चालत नाही हेही लक्षात असू द्या.

मॉनिटर आर्म, म्हणजे मॉनिटर हवेत धरणारा सांध्यांचा दांडा, घेताना एक चूक फार होते. गॅस स्प्रिंगच्या आर्मला कमाल वजनासारखंच किमान वजनही असतं, बऱ्याच आर्मना निदान दोन किलो लागतं. पोर्टेबल मॉनिटर एक किलोच्या आतबाहेर भरतो. असा हलका मॉनिटर लावला की आर्म आपोआप वर उचलला जातो आणि कितीही स्क्रू घट्ट केला तरी खाली राहत नाही. हलक्या मॉनिटरला साधा, सांध्यांवर घट्ट होणारा आर्म घ्या. मॉनिटरमागे आर्म बसवायची ७५ बाय ७५ मिलिमीटरची व्हेसा भोकं आहेत ना, तेही आधी पाहा. बऱ्याच पोर्टेबल मॉनिटरना ती नसतात.

टप्पा ३: वीज

सर्वांत जास्त तक्रारी इथून निघतात आणि दोष मात्र डॉकला दिला जातो. म्हणून इथे थोडं थांबू.

हे सगळे हँडहेल्ड यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरीवर, म्हणजे पीडीवर चार्ज होतात. स्टीम डेकचा चार्जर १५ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा, म्हणजे ४५ वॅटचा. अ‍ॅलाय आणि लीजन गोसोबत ६५ वॅटचा येतो. तो थेट जोडला तर पुरतो. मध्ये डॉक आला की डॉक स्वतःसाठी आणि त्याला जोडलेल्या सामानासाठी साधारण १० ते १५ वॅट बाजूला ठेवतो. ६५ वॅटच्या चार्जरमधून अ‍ॅलायपर्यंत पन्नास-पंचावन्नच पोहोचतात. त्याच डॉकवरून मॉनिटरलाही वीज दिली तर आणखी आठ-दहा वॅट गेले. चिपलाच जोरात ३० वॅट लागतात, त्यावर पंखा, स्टोरेज, वायफाय आणि बॅटरीचं चार्जिंग. मग चार्जर लावलेला असूनही खेळताना बॅटरी उतरते, किंवा मशीन कमी वॅटच्या मोडमध्ये जातं आणि गेम अडखळतो. मूळ अ‍ॅलायचा टर्बो मोड बॅटरीवर २५ वॅट देतो आणि पुरेसा चार्जर जोडलेला असेल तरच ३० वर जातो.

यावर उपाय सोपा आहे:

१. डॉकसाठी १०० वॅटचा, शक्यतो गॅन प्रकारचा (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने छोटा) पीडी चार्जर वेगळा घ्या. स्टीम डेकला ६५ वॅटचाही चालतो.

२. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. यूएसबी-सीच्या ओळीत २० व्होल्ट, ५ अँपिअर लिहिलेलं असलं पाहिजे.

३. चार्जरपासून डॉकपर्यंतची केबल ५ अँपिअरची घ्या. पाकिटावर १०० किंवा २४० वॅट लिहिलेलं असतं. साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअरची असते, तिच्यातून ६० वॅटच्या वर जातच नाही, चार्जर कितीही मोठा असो.

४. हा चार्जर कायम डब्यात राहील. हँडहेल्डसोबत आलेला चार्जर प्रवासाच्या बॅगेत. एकच चार्जर दोन्हीकडे फिरवला की आवरण्याची शिस्त पहिल्याच आठवड्यात मोडते.

सावधान: फोनसोबत आलेला ८० किंवा १२० वॅटचा चार्जर बघून खूश होऊ नका. तो वेग बहुधा त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो. पीडीवर तोच चार्जर कितीतरी कमी वॅट देतो.

दुसरी अडचण अनेक पोर्टच्या चार्जरची. १०० वॅटच्या चार्जरला दोन-तीन पोर्ट असतात आणि १०० वॅट एकच पोर्ट वापरात असेल तेव्हाच मिळतात. खेळ चालू असताना घरातल्या कुणी दुसऱ्या पोर्टला फोन लावला, की चार्जर वीज नव्याने वाटतो आणि त्यासाठी क्षणभर पुरवठा तोडतो. डॉकची वीज जाते, स्क्रीन काळा होतो, यूएसबीवर बाहेरची एसएसडी (गेम साठवायची ड्राइव्ह) असेल तर ती निखळते आणि तिच्यावर चालू असलेला गेम बंद पडतो. खेळ सुरू आहे तोवर त्या चार्जरवर दुसरं काहीही लावायचं नाही, हे घरात सांगून ठेवा. न वापरलेल्या पोर्टवर चिकटपट्टीचा तुकडा लावणं अधिक भरवशाचं.

स्विचबोर्डची काळजी फार नको. १०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी, ६ अँपिअरचा साधा सॉकेट भरपूर आहे. मात्र इस्त्री, इंडक्शन किंवा गीझर ज्या एक्स्टेन्शन बोर्डवर आहे त्यावर हे लावू नका, आणि एका एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन जोडू नका. सॉकेटमध्ये पिन सैल बसून चरचर आवाज येत असेल तर आधी तो सॉकेट बदलून घ्या. दोन पिनांच्या चार्जरवर धातूच्या डॉकला हात लागला की कधीकधी झिणझिण्या येतात. अर्थिंग जोडलेला तीन पिनांचा चार्जर वापरला की त्या बहुतेक थांबतात, अर्थात घरातल्या सॉकेटला खरं अर्थिंग असेल तर.

वीज गेली तर? हँडहेल्डला स्वतःची बॅटरी आहे, तो चालूच राहतो. स्क्रीन तेवढा जातो. वेगळा यूपीएस लागत नाही.

टप्पा ४: डॉक आणि एकच सुटी केबल

आवरायच्या मांडणीचा गाभा हा. रोज फक्त एकच टोक काढायचं आणि लावायचं: डॉकपासून हँडहेल्डपर्यंतचं. बाकी सगळं एकमेकांना जोडलेलंच राहील आणि तसंच डब्यात जाईल.

यासाठी उभा, वजनदार, स्टँडवाला डॉक सोयीचा नाही. छोट्या शेपटीचा चपटा हब (हाही डॉकच, फक्त स्टँडशिवाय) घ्या आणि वेल्क्रोने डब्याच्या तळाला पक्का करा. चार्जर शेजारच्या कोपऱ्यात, तोही वेल्क्रोने. एचडीएमआय केबल एक मीटरची पुरे. तीन मीटरची केबल घेतली तर उरलेली गुंडाळी रोज गुंतते.

हब घेताना तीन गोष्टी वाचा. एचडीएमआय ४केला ३० हर्ट्झ देतो की ६०? ३० लिहिलेलं असेल तो हब ४के टीव्हीवर जड वाटतो, माउसचा बाण सरकतानाच कळतं. पीडी इनपुट १०० वॅट आहे का? आणि यूएसबी-ए पोर्ट निदान दोन आहेत का? लॅनचा (इंटरनेटच्या केबलचा) पोर्ट असेल तर चांगलंच, राउटर शेजारी असेल तर मोठे गेम उतरवताना उपयोगी पडतो.

स्टीम डेक आणि अ‍ॅलायचा चार्जिंग पोर्ट वरच्या कडेला आहे. सरळ टोकाची केबल तिथून वर उभी राहते आणि मग स्वतःच्या वजनाने वाकते, सगळा ताण पोर्टवर. काटकोनी टोकाची केबल किंवा काटकोनी जोड वापरा. जोड घेतलात तर तो व्हिडिओ आणि १०० वॅट दोन्ही वाहून नेणारा आहे हे बघा. लीजन गोला वर आणि खाली असे दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत आणि दोन्हींतून व्हिडिओ निघतो, त्यामुळे टेबलावर खालचा आणि आर्मवर वरचा वापरता येतो. हबला पोर्टवरून लोंबकळत कधीही सोडू नका. पोर्ट दुरुस्तीला गेला की बहुधा मदरबोर्डपर्यंत काम जातं.

पोर्टेबल मॉनिटर एकाच यूएसबी-सी केबलने थेट हँडहेल्डला जोडता येतो, आणि जाहिरातीत तेच दाखवतात. त्यात मॉनिटर हँडहेल्डची बॅटरी खातो. चार्जर मॉनिटरच्या दुसऱ्या यूएसबी-सीला लावून तिथून हँडहेल्ड चार्ज करायची सोय काही मॉनिटरना असते, पण पुढे किती वॅट पोहोचतात ते मॉडेलवर ठरतं. अर्धा तास गच्चीवर खेळायला एक केबल ठीक. रोजच्या मांडणीत हबच हवा.

आणि केबल तीच दिसते म्हणून तीच असते असं नाही. फोनसोबत येणाऱ्या यूएसबी-सी केबलमधून वीज जाते, व्हिडिओ जात नाही. स्क्रीन काळा राहिला तर सेटिंग चाळण्याआधी केबल बदला.

पहिल्यांदा जोडताना क्रम असा ठेवा:

१. चार्जर भिंतीला, मग चार्जरची केबल हबला.

२. मॉनिटर हबला. मॉनिटरला वीज वेगळ्या पोर्टने मिळत असेल तर तीही द्या आणि तो चालू करा.

३. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडा.

४. शेवटी हबचं टोक हँडहेल्डला.

हँडहेल्ड आधी जोडला तर काही हब विजेविना जागे होतात आणि नंतर वीज आल्यावर स्क्रीन एकदा-दोनदा जातो.

तपासा: हँडहेल्डवर चार्जिंगचं चिन्ह आलं का? पाच मिनिटं एखादा जड गेम चालवून बॅटरीचा टक्का बघा. तो खाली येत असेल तर टप्पा ३ कडे परत जा, पुढे जाऊ नका.

टप्पा ५: हवा

या सगळ्या मशीन मागच्या बाजूने हवा आत घेतात आणि वरच्या कडेने गरम हवा सोडतात. म्हणजे मागची बाजू टेकवून ठेवायची नाही आणि वरची कड झाकायची नाही. फोनचा रुंद पाठीचा स्टँड मागची जाळी नेमकी झाकतो. खालची कड दोन दांड्यांवर धरणारा, मध्ये मोकळा स्टँड घ्या. लीजन गोला स्वतःचा स्टँड आहे. गादी, उशी, सोफ्याचा हात यांवर जोडलेल्या अवस्थेत ठेवू नका. कपाटाच्या खणात ठेवून दार लावून खेळायची कल्पना छान वाटते, पण आतली हवा तापत जाते, पंखा ओरडतो आणि चिप वेग कमी करते. मागे आणि वर वीतभर मोकळी जागा हवी.

डब्यातला हब आणि चार्जरही खेळताना गरम होतात. वापरात असताना डब्याचं झाकण उघडंच.

टप्पा ६: कंट्रोलर, कीबोर्ड आणि न दिसणारा गोंधळ

कंट्रोलर ब्लूटूथने जोडला तर टेबलावर एक केबल कमी. कीबोर्ड-माउस फार लागत नाहीत, पण विंडोजवर लॉगिन किंवा एखादी अडकलेली खिडकी बंद करायला टचपॅड असलेला छोटा वायरलेस कीबोर्ड डब्यात असावा.

इथे एक दोष सतत दिसतो. यूएसबी ३च्या पोर्टमधून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट पसरतो, आणि वायरलेस डोंगल (माउस-कीबोर्डचा छोटा रिसीव्हर), ब्लूटूथ नेमके तिथेच बोलतात. हबमध्ये एसएसडीच्या शेजारी माउसचं डोंगल लावलं की बाण अडखळतो, कंट्रोलर मधूनच सुटतो. लोक बॅटरी बदलतात, कंट्रोलर परत करतात. डोंगलला वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून ते हबपासून दूर न्या, आणि हँडहेल्डचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. लहान इमारतींत शेजाऱ्यांचे डझनभर राउटर २.४वरच असतात, त्यामुळे तसाही फायदाच.

टप्पा ७: एकदाच करायची सेटिंग

विंडोजवर (अ‍ॅलाय, लीजन गो, क्लॉ):

१. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा. ‘डुप्लिकेट’ नको. अ‍ॅलायचा स्क्रीन १६:९ आहे म्हणून फारसं बिघडत नाही, पण लीजन गोचा १६:१० आहे आणि दोन्हीकडे एकच चित्र दाखवताना विंडोज तडजोडीचं रिझोल्यूशन घेतं. शिवाय पहिल्या लीजन गोचं पॅनल मुळात उभं आहे, काही जुने गेम त्यावर आडवे पडतात. बाहेरचा स्क्रीन एकटा ठेवला की ती अडचण जाते.

२. बाहेरच्या स्क्रीनचं रिझोल्यूशन १०८०पी करा, टीव्ही ४के असला तरी. टीव्हीवर गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबणं आणि पडद्यावर घडणं यात अंतर जाणवतं.

३. पॉवर बटणाला ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ (चालू काम डिस्कवर ठेवून पूर्ण बंद होणं) लावा. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये हे मिळतं. आवरायच्या मांडणीत ही सर्वांत महत्त्वाची सेटिंग आहे. विंडोजचा स्लीप पूर्ण झोपत नाही. बंद केसमध्ये मशीन अपडेटसाठी जागं होतं, तापतं, आणि सकाळी बॅटरी रिकामी सापडते.

४. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय चालू करा. अ‍ॅलायला ती आसुसच्या आर्मरी क्रेट अ‍ॅपमध्ये आहे, लीजन गोला लेनोव्होच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये.

स्टीम डेकवर काम कमी. पॉवर बटणाचा स्लीप भरवशाचा आहे. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये गेम रिझोल्यूशन बदलावं लागतं, नाहीतर मोठ्या स्क्रीनवरही चित्र ८००पीचंच धूसर दिसत राहतं. जड गेमला ७२०पी ठेवून एफएसआरने (लहान चित्र मोठं करून देणाऱ्या सोयीने) वाढवणं हे सरळ १०८०पीपेक्षा अधिक गुळगुळीत चालतं. चार्जची मर्यादा डेकच्या स्टीमओएस या सिस्टीमच्या ३.७ आवृत्तीपासून पॉवरच्या सेटिंगमध्ये आली आहे.

आवाज कुठून निघतो तेही आत्ताच ठरवा. एचडीएमआय जोडला की आवाज मॉनिटरकडे जातो आणि बऱ्याच पोर्टेबल मॉनिटरचे स्पीकर कामचलाऊ असतात. हेडफोन हँडहेल्डलाच लावा.

टप्पा ८: आवरायचा क्रम

१. गेम सेव्ह करून गेममधून बाहेर पडा. चालू गेमसकट केबल काढली तर रिझोल्यूशन अचानक बदलतं आणि काही गेम तिथेच बंद पडतात.

२. बाहेरची एसएसडी असेल तर ‘इजेक्ट’ करा.

३. हँडहेल्ड स्लीप किंवा हायबरनेट करा. पंखा थांबेपर्यंत थांबा.

४. मग ते एकच टोक काढा. टोक धरून काढा, केबल धरून ओढू नका.

५. भिंतीवरचा स्विच बंद, चार्जरची पिन बाहेर, तार वेल्क्रोच्या पट्टीने सैल गुंडाळा. मनगटावर आवळून गुंडाळलेली केबल आतून तुटते.

६. मॉनिटर पुसून कव्हरमध्ये, स्क्रीनची बाजू चार्जरकडे नको. चार्जरची पिन पॅनलला लागून ओरखडा पडणं हा नेहमीचा अपघात आहे. मध्ये जाड कापड किंवा फोमची पट्टी ठेवा.

७. हँडहेल्ड शेवटी केसमध्ये. आवरायला घेतलेला वेळ त्याला थंड व्हायला मिळतो. गरम मशीन बंद केसमध्ये घालण्याची घाई बॅटरीला सर्वांत महागात पडते.

तपासा: घरातल्या दुसऱ्या कुणाला न सांगता हे आवरता येतं का ते एकदा करून बघा. डब्याच्या तळाशी कोणती वस्तू कुठे बसते ते मार्करने लिहून ठेवलं तर येतं. तुम्ही घरी नसताना पाहुणे आले, की याचा उपयोग कळतो.

पावसाळा आणि लांबची सुट्टी

जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओल शोषलेल्या पुड्या बदला. समुद्राजवळच्या घरांत, मुंबईच्या किनाऱ्यापासून कोकण-गोव्यापर्यंत, खारी हवा धातूच्या टोकांवर लवकर चढते. तिथे हबचं उघडं टोक झिप पाउचमध्ये ठेवा. एसीच्या थंड खोलीतून मशीन दमट खोलीत नेलं तर दहा-पंधरा मिनिटं बंदच राहू द्या.

पंधरा-वीस दिवस गावी जाणार असाल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवून मशीन पूर्ण बंद करा. शंभर टक्के भरून किंवा शून्यावर ठेवून जाऊ नका. पंख्याखालच्या घरात धूळ फार बसते, म्हणून महिन्यातून एकदा मशीन बंद असताना मऊ ब्रशने मागची जाळी झाडा. व्हॅक्यूम क्लिनर थेट जाळीला लावू नका, आतला छोटा पंखा वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. यूएसबी-सी पोर्टात कापसाचे तंतू साचले तर टोक पूर्ण बसत नाही आणि चार्जिंग येतं-जातं. ते लाकडी टूथपिकने हळूच काढा, सुई किंवा सेफ्टी पिन कधीही आत घालू नका.